कपाटातले लॅपटॉप

राळेगाव, मंगळवार संध्याकाळ, कार्तिक वद्य

हेडमास्तरांनी आज मला बिनसाखरेचा चहा पाजला. या पापाला, लहानपणी शिकलो त्या आमच्या वेदपाठशाळेत, प्रायश्चित्त शिकवल्याचे आठवत नाही.

खरा राग वेगळाच. दसऱ्याला मी याच शाळेत फोटो काढला आणि 'प्रत्येक विद्यार्थ्याला लॅपटॉप' अशी बातमी छापली. आज दहावीतली सुनंदा म्हणाली, "काका, तुमी फोटो काढून गेले अन् सरनं सारे वापस घेतले. आमी वहीवर कीबोर्ड काढून बोटं चालवून राह्यलो."

हेडमास्तरांनी हसतच कपाट उघडले. "कापूस वेचून फाटलेले हात, भाऊ. लॅपटॉपले कायले लावू द्याचे?"

सगळ्या लॅपटॉपवरचा प्लास्टिकचा पापुद्रा तसाच. तो पापुद्रा! त्यानेच मला खोटारडा ठरवले.

शठं प्रति शाठ्यम्. मथळा तयार आहे, त्यांच्या हसऱ्या फोटोसकट. गावात तोंड दाखवायची सोय ठेवणार नाही. उद्याच पाठवतो... पाठवू ना?

बोलली एकटी सुनंदा, आणि तिला बोलताना हेडमास्तरांनी पाहिले. तिचे तोंडी परीक्षेचे गुण त्यांच्याच हातात आहेत. माझ्या बातमीचा सूड ते तिच्यावर उगवतील, याची मला भीती वाटते.