टीव्हीवर चालणारं मशीन

४ तारीख, मंगळवार

खोटारडे! एकजात सगळे! आणि त्या खोट्यात माझे हात — लिहिताना बोटं ठणकताहेत.

काल आमच्या सरकारी दवाखान्यात मंत्री आले. लाँड्रीत चादरी धुवायचं मोठं मशीन आलंय, त्याचं उद्घाटन. आलंय म्हणजे नुसतं उभं आहे. पाण्याचा पाईप भिंतीच्या बाहेरपर्यंत, आत नाही; विजेचंही तेच. ठेकेदार म्हणतो, "कागदावर भिंतीपर्यंतच लिहिलंय." फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि चॅनलची पोरगी म्हणाली, "सर, फिरताना दिसायला हवं." फिरणार कशानं? मोठ्या साहेबांनी इकडं तिकडं पाहिलं आणि मला खूण केली. मागचा पत्रा काढला, पाच-सहा कोरड्या चादरी आत टाकल्या, आणि मी मागं बसून पट्टा ओढत राहिले. "बाई, दिसताय! खाली वाका!" दहा मिनिटं.

संध्याकाळी बातम्यांत लागलं. खरं सांगते, मी आ वासून बघत राहिले. काय दिसत होतं! काचेच्या दारामागं चादरी नुसत्या उसळत होत्या. मंत्री म्हणाले, "तासाला दोनशे चादरी, आणि माणूस लागत नाही!" मागं कोण आहे ते मला ठाऊक, तरी घटकाभर मलाही पटलं. केवढी ही ताकद! चौथी शिकलेली बाई पट्टा ओढते आणि अख्खं राज्य मान डोलावतं!

जाऊ म्हणाली, "ताई, सुटले हो तुमचे हात!"

५ तारीख, बुधवार

आज हातानं एकशे शेहेचाळीस चादरी. मशीनला प्लास्टिक गुंडाळलंय. माझ्याबरोबर धुणारी लंबी जाता-येता त्याला म्हणते, "मंत्रीसाहेब, उठायचं नाही का?"

७ तारीख, शुक्रवार

येत्या एक तारखेपासून आम्ही धुणाऱ्या चौघी घरी. लेखी आलं. कारण काय, तर मशीन चालू झालं. आणि पुरावा म्हणून खाली काय जोडलंय — बातमीचा फोटो!

मी तडक मोठ्या साहेबांच्या खोलीत. म्हटलं, "साहेब, ते चालत नाही."

"बाई, साऱ्या राज्यानं चालताना पाहिलंय."

"पाहिलं ते मला पाहिलं! मी ओढत होते!"

साहेब उठले, दार लावून घेतलं. "हे बाहेर बोलू नका. कागद वरून आलाय. वर आमचे अहवाल कोणी वाचत नाही, टीव्ही बघतात."

म्हणजे मंत्र्यानं बोलायचं, चॅनलनं दाखवायचं आणि घरी आम्ही जायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी! लंबीच्या घरात तिच्याशिवाय कमावणारं कोणी नाही.

८ तारीख, शनिवार

चॅनलला फोन केला. तिघांनी टोलवलं, मग तीच पोरगी. "मावशी, आम्हाला दिसलं ते आम्ही दाखवलं."

"अगं, फिरवायला तूच सांगितलंस ना!"

"तुमचं म्हणणं लिहून पाठवा."

संध्याकाळी टीव्हीवर मंत्री आणि विरोधातला पुढारी समोरासमोर. म्हटलं, हा तरी विचारेल. तर तो ओरडतो, "हे मशीन आमच्या काळात मंजूर झालं!" अर्धा तास भांडले — मशीन कुणाचं. त्याला पाणी आहे का, एकानं विचारलं नाही! राग यायचा तो आलाच, पण बघतच राहिले मी. अर्धा तास बोलायचं आणि खऱ्याला चुकूनही पाय लागू द्यायचा नाही! साधं काम नाही हे. आपल्याला तर एक खोटं बोलताना घाम फुटतो.

१० तारीख, सोमवार

फिटरला धरलं. दवाखान्याचे नळ तोच बघतो. म्हणाला, "ऑर्डर नाही."

म्हटलं, "टीव्हीवर चालतंय ना? चालत्या मशीनला पाणी द्यायला ऑर्डर कशाला?"

डोकं खाजवत राहिला, मग हसला. "बाई, तुम्ही वकील व्हायचं."

लंबी मात्र चिडली. "अगं, ते चालू केलंस तर आपण खरंच जाऊ! आपल्याच पायावर धोंडा?"

तिचं खोटं नाही. पण मला ते प्लास्टिक गुंडाळलेलं धूड बघवत नाही. खोटं माझ्या हातानं फिरलं. आता खरं फिरू दे, मग बघू.

१३ तारीख, गुरुवार

फिरलं!!

फिटरनं भिंत फोडली, भंगारातले पाईप जोडले, जाड केबल ओढली. तीन दिवस. आज दुपारी बटण दाबलं. आधी नुसता घोंघाट. मग पाणी आलं — आणि काय सांगू! जमीन पायाखाली थरथरायला लागली. काच वाफेनं पांढरी. शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या चादरी टाकल्या होत्या, ज्यांचे डाग आम्ही दोन-दोन दिवस भिजवून घासतो. तासाभरानं दार उघडलं. डाग नाहीत! एकही नाही! मी चादर उजेडात धरली, उलटी धरली, पुन्हा धरली. वीस वर्षं या हातांनी जे जमलं नाही, ते तासात. लंबीनं चादर गालाला लावली आणि रडायला लागली.

टीव्हीवर दिसलं होतं ते काहीच नव्हतं. खरं त्याहून कितीतरी मोठं निघालं. आणि बघायला कॅमेरा नाही.

१७ तारीख, सोमवार

मशीन हट्टी आहे. चादरींचा ढीग कोंबला की ओल्या झाल्यावर भार एका बाजूला जातो, मग अंगात आल्यासारखं हादरतं आणि आपोआप बंद पडतं. फिटरला जमेना. मला जमलं! कुठली चादर किती पाणी पिते ते माझ्या हाताला कळतं. जाड-पातळ मिसळून, मोकळी करून, एकेक सोडायची. तिघींना शिकवलं. दुसऱ्या कुणाला येत नाही.

आज साहेब कारकुनाला घेऊन आले. "माणूस लागत नाही, बघू." कारकुनानं गाठोडंच आत लोटलं. मशीन असं नाचलं की साहेब दारापर्यंत मागं सरकले. घाम पुसत म्हणाले, "बाई… तुम्ही जरा बघा."

मी पाहिलं. चालू झालं. साहेब माझ्या हातांकडे बघत उभे राहिले.

पण चौघींचा कागद तसाच आहे.

१८ तारीख, मंगळवार

मंत्री पुन्हा येताहेत. शनिवारी. त्यांच्या सरकारला शंभर दिवस झाले, तर लाँड्रीतून थेट दाखवणार म्हणे. साहेब स्वतः खाली आले, "बाई, शनिवारी तेवढं चालवा हं."

मी ओले हात पुसले. म्हटलं, "साहेब, मी चालवायचं तर आम्हाला घरी बसवायचा कागद रद्द झालाय, असा दुसरा कागद हवा. चौघींच्या नावाचा. आणि उद्घाटनाच्या दिवशी मशीन बंद होतं, हे चॅनलनं आधी सांगायचं, मग कॅमेरा आत. मंत्र्यांना विचारा, चॅनलला विचारा, वर विचारा. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत मला उत्तर द्या."