अमावस्येला पाहिलेलं शेत

कल्याण, वैशाख वद्य संपता संपता

प्रिय हरिहरा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं, आणि तू विचारलंस ते बघूनही आले. परत आल्यापासून दार लोटून बसले आहे. शेजारची गंगुबाई दोनदा डोकावून गेली. माझा आवाज नाही म्हणजे बाई आजारी, असं तिचं शास्त्र. तिला सांगितलं, ऊन लागलं. तुला खरं सांगते, पण क्रमाने सांगू दे. माझ्याच डोक्यात अजून नीट बसलेलं नाही. अक्षर वाकडं आहे, चालवून घे. वडिलांनी धुळीत बोट धरून शिकवलं तेवढंच माझं शिक्षण, आणि हे पत्र दुसऱ्याकडून लिहवून घेण्यासारखं नाही.

डोंबिवलीला ठेसन झालं तशी तुम्हा मुंबईकरांना माती एकदम गोड लागायला लागली. तू आणि तुझा कचेरीतला तो प्रभाकर, दोघांनी मिळून जमीन घ्यायचं ठरवलंत. सरोजच्या पाटल्या मोडून विसार देऊन बसलास, आणि मग मला विचारतोस की आजी, जमीन घेताना काय बघावं? अरे, लग्न लावून झाल्यावर मुलगी बघायला निघालास! तरी मी म्हटलं, पोर विचारतंय तर जाऊन येऊ. लहानपणी तुला कोडी घालायची तशीच आता घालते, म्हणजे लक्षात राहील. साधं सांगितलेलं तुझ्या डोक्यात कधी राहिलं नाही.

पाय नाहीत तरी येते, हात नाहीत तरी नेते, बोलावलं नसताना दोनदा घर धुते. कोण? खाडीची भरती. म्हणून खाडीच्या अंगाची जमीन अमावस्येला किंवा पुनवेला बघावी, तीही भरतीच्या वेळी. दलाल तुला ओहोटीलाच नेणार. दुसरं घे. श्रावणात सावकार, वैशाखात भिकार. ती विहीर. पावसाळ्यात खड्डासुद्धा विहीर म्हणून मिरवतो, पाणी वैशाखात चाखावं. तिसरं. भिंत नाही, कुलूप नाही, तरी धन्याला आत शिरता येत नाही. ते वाट नसलेलं शेत. आगगाडीच्या रुळांनी कितीकांच्या शेताचे दोन तुकडे केलेत, पलीकडच्या तुकड्यावर जायला आता दुसऱ्याच्या बांधावरून हात जोडत जावं लागतं. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, विकणाऱ्याच्या घरी सणाला किती पानं मांडतात ते विचार. जितकी पानं तितके वारस. दलालाला विचारू नकोस, त्यांच्या शेजारणीला विचार.

तर अमावस्या धरून गेले. गाडीवान वाटभर कुरकुरत होता, अशा दिवशी कोणी जमीन बघतं का म्हणून. त्याला म्हटलं, वाईट दिवशी चांगली दिसली तर ती खरी चांगली. ठेसनाशी तुझा दलाल परशुराम उभा होता. गोड माणूस, इतका गोड की मुंग्या लागाव्यात. म्हणाला, या आजीबाई, मुंबईच्या शेटजींच्या आजी ना? तू शेटजी कधी झालास ते मला कळवलं नाहीस. विकणाऱ्याचं नाव त्याने तुला सांगितलं नाही, तसंच तुझं नाव त्यालाही सांगितलेलं नाही. दोन्हीकडचे लोक आपसात बोलले तर दलाली बुडते, हा त्यांचा धंदाच.

ठेसनापासून नव्या वाटेने नेलं, त्यामुळे मला काही उमगलं नाही. खाडी लांब होती, पहिली धास्ती गेली. वाट सरकारी, तीही धास्ती गेली. मग विहिरीशी आलो. पायऱ्यांची विहीर, वरून तिसऱ्या पायरीला कोपरा नाही. तो कोपरा माझ्या डोळ्यांदेखत फुटला होता. दगड बसवताना माझ्या वडिलांच्या हातून घण निसटला, आणि मी हसले म्हणून मला धपाटाही मिळाला होता. हरिहरा, तुला तांदूळ फक्त ताटात ठाऊक. ज्या शेताचा तांदूळ खाऊन तू वाढलास, वडिलांनी मला आंदण दिलेलं, ते माझं शेत तुझा दलाल मलाच दाखवत होता.

तरी तोंड आवरलं, आणि तुला सांगितलेलंच त्याला विचारलं, की घरात वारस किती? तो हसून म्हणाला, काही कटकट नाही हो आजीबाई. एक म्हातारी होती, ती शिमग्यात वारली. तिचा एकुलता एक मुलगा, ठाण्याला असतो. मी विचारलं, मुलगी? छे, मुलगी झालीच नाही. विश्रामभाऊ म्हणजे देवमाणूस. आईचं नाव काढलं की डोळ्यांत पाणी उभं राहतं.

माझ्यासाठी विश्रामच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी जन्मात पाहिलं नाही. दलालाने पाहिलं. मी मेल्याशिवाय ते दिसायचं नव्हतं, असं दिसतं.

परशुराम विडी ओढायला चिंचेखाली गेला तेवढ्यात आपल्या कुळाची बायको रतन कळशी घेऊन आली. मला बघितलं आणि कळशी सुटली ती गडगडत थेट पाण्यात. भर दुपार, अमावस्या, विहिरीचा काठ आणि मेलेली मालकीण. तिने आधी माझे पाय बघितले, उलटे आहेत का सुलटे. मी म्हटलं, रतन, सुलटेच आहेत, आणि दुखतायतही. तेव्हा ती जवळ आली, माझा हात चाचपला, आणि रडत सुटली. भाऊंनी होळीला येऊन सांगितलं म्हणे. तिने माझ्या नावाने अंघोळ केली, एक दिवस चूल पेटवली नाही. भात मळून झाल्यापासून तांदूळ भाऊंच्याच सांगण्यावरून ठाण्याला जातोय. मला विश्राम म्हणाला होता की यंदा कीड लागली. माझ्या गळ्याची शपथ घालून रतनला गप्प बसवलं आणि गाडीत येऊन बसले. अशा वेळी बाईने रडावं म्हणतात. मला रडू आलं नाही. नुसतं गार पडल्यासारखं झालं, एवढ्या उन्हात.

दोन वेळा विश्रामने मला शेत विकायला विचारलं होतं, दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. आंदणाचं शेत लेकीचं, माझ्यामागे तुझ्या आईकडे जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणून त्याने मला मारलं आणि मंदाकिनीला जन्मूच दिलं नाही. आता तूच सोडव. मेलेलीचं शेत न जन्मलेलीचा मुलगा विकत घेतो, आणि मेलेलीच ते बघून येते. असलं कोडं माझ्या आजीलासुद्धा आलं नसतं. आणि घेणारा तू आहेस हे त्या मूर्खाला माहीतही नाही. खरेदीखत प्रभाकरच्या नावाने व्हायचं.

तू म्हणशील, एवढं लांबण लावलंस, सरळ लिहायचं की विसार परत घे. तो घेच, पाटल्या सरोजच्या हातात परत दिसल्या पाहिजेत. पण पत्र तेवढ्यासाठी नाही. तू कळवलेल्या शुक्रवारी ठाण्याच्या रजिस्टर कचेरीत विश्राम स्टांपावर सही करणार, की माझी आई वारली आणि मी एकटा वारस. आज ती नुसती थाप आहे, घरातली. सही झाली की गुन्हा, मग बेड्या. मी स्वतः गेले असते, पण मी तिथे उभी राहिले तर साहेब विचारणार ही बाई कोण, आणि साहेबापुढे मला खोटं बोलता येत नाही. विश्रामला निरोप पाठवला तर तो कानावर हात ठेवील आणि दुसरं गिऱ्हाईक धरील. म्हणून तुझा साहेब रजा देवो न देवो, शुक्रवारी प्रभाकरला घरी ठेव आणि तू जा. कचेरी उघडायच्या आधी दारात उभा राहा. काही बोलू नकोस, मामाला वाकून नमस्कार कर. तुझं तोंड त्याच्या बहिणीसारखं आहे. ते बघून लेखणी उचलण्याइतका तो निर्ढावलेला नसेल, निदान मी तसा वाढवला नव्हता. मग त्याचा दंड धर आणि संध्याकाळच्या गाडीने त्याला कल्याणला घेऊन ये. मी भात टाकून ठेवते. आधी जेवू घालीन. नंतर त्याचं काय करायचं ते मी बघीन, त्यात सरकारने पडू नये.

तुझीच, कोणी काही म्हणो, हयात असलेली
आजी