दोन पांढऱ्या चादरी, एक काळी पँट

मंगळवार, ता. ४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

येत्या रविवारी आपले दादा, म्हणजे मंत्रिमहोदय, तुझ्या लाँड्रीसमोरच्या चौकात क्रांतीच्या हुतात्म्यांचं स्मारक उघडायला येणार आहेत. शिळेवरची नावं दादाच्या कचेरीत मीच टाइप केली. त्यांत आपल्या मधल्या बहिणीचं नाव नाही. विचारलं, तर दादा म्हणाला की ती कपडे वाळत घालताना मेली, त्यात हौतात्म्य कसलं. बायकांचा मान मात्र ठेवलाय हं! तू व्यासपीठावर पाहुण्यांना गुच्छ द्यायचेस. शिवाय शिळेवरचा पडदा इस्त्री करून ठेवायचास.

माझ्यावर रागावू नकोस, एवढं मागणं.

तुझी
धाकटी

गुरुवार, ता. ६

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून शिसारी आली, आणि त्यातली निम्मी तुझीच. टाइप करताना बोटं झडली नाहीत तुझी?

तू तेव्हा लहान होतीस, म्हणून सांगते. आमच्या गच्चीवर दोन पांढऱ्या चादरींच्या मध्ये काळी पँट दिसली, की गल्लीत पोलीस आलेत, पळा. हे सगळे क्रांतिवीर आमची दोरी बघून घराबाहेर पाऊल टाकायचे. त्या दिवशी पोलीस जिन्यात होते, तरी मधली हटली नाही. पँटला दुसरा चिमटा लावताना तिला गोळी लागली. तेवढ्यात आपले शूर बंधू मागच्या भिंतीवरून पसार झाले. आजही पांढरी चादर आणि काळी पँट मी शेजारी वाळत घालत नाही, हात धजत नाही. आणि हा म्हणे गुच्छ दे! किळस येते गं या माणसाची.

पडदा इस्त्री करून देईन, गिऱ्हाइकाला देतात तसा. व्यासपीठावर येणार नाही. रविवारी मला कपडे वाळत घालायचेत.

वेळेवर जेवत जा. माझ्यावरची माया धुऊन काढू नकोस.

ताई

सोमवार, ता. १०

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काय केलंस हे! दादा ऐन रंगात आला होता. मायभगिनींनी आम्हाला प्रेमाने रांधून वाढलं, इथवर आला आणि नजर तुझ्या गच्चीवर गेली. मंत्रिमहोदयांनी व्यासपीठावरून उडी टाकली ती थेट शिळेमागे! मागोमाग पिकल्या केसांचे त्यांचे सोबती, एक काका तर काठी टाकून. लोक खो खो हसायला लागले. मग मीच माइक घेतला आणि मधलीचं सगळं सांगितलं. हसू थांबलं. काठीवाले काका शिळेमागेच बसून रडले.

तुझ्याकडे यायचं होतं, पण मला गाडीत कोंबून परत आणलं. आज म्हणतो, मधलीचं नाव कोरून घेऊ, पण ताईला ती पँट काढायला सांग. बाकीच्यांच्या नावापुढे तुरुंगात, गोळीबारात, असं कोरलंय. तिच्यापुढे काय कोरायचं, विचारतोय.

आता तरी आपली म्हण.

तुझी
धाकटी

बुधवार, ता. १२

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

बोटांबद्दल बोलले ते परत घेते. नाव कोरून झालेलं डोळ्यांनी बघीन, मगच पँट काढीन. पुढे काय कोरायचं ते दादाच बोलून गेलाय. तसंच कोरा: कपडे वाळत घालताना.

तुझीच
ताई