बूट पेटीतनं बाहेर काढ

रंभे, आशीर्वाद. हितं सोलापुरात आमी समदी बरी हाय, तवा ती चवकशी सोड आन् नीट वाच. फोनवर तू नुसतं व्हय व्हय म्हणून ठेवून देतीस, म्हणून लिहावं लागलं.

डॉक्टरापुढं आपण दोघींनी कबूल केलं होतं, दिवाळीपतोर रोज अर्धा तास चालायचं. तुजी शुगर लई वाढलेली, म्हणून मी तुला बूट धाडले. आता तुजी नात पिंकी सांगती, आजीनं चार दिवस घातले आन् पेटीत टाकले. का, तर लुगड्याखाली बूट बघून देवळापाशी बाया हसल्या. "रंभाबाई पोलीस भरतीला निघाली," म्हणाल्या.

हसू दे की! त्या काय तुजी गोळी गिळणार हायेत? मी रोज बूट घालून नव्या पेठेतनं जाते. एक कापडवाला हसतो. मी त्याच्या पोटाकडं बघून हसते.

माज्या गुडघ्याचं सुनेनं काय सांगितलं असंल तर निम्मंच खरं धर. जिन्यात मधी बसते, पर माजी मी उठते.

तुज्या तळपायाला अजून मुंग्या येत्यात का? खरं लिही. शुगरनंच आईचा पाय कापावा लागला. तवा तिला उचलायला आपण दोघी होतो. तुला मी एकटी उचलणार न्हाय, आदीच सांगून ठेवते.

सोमवारी दुपारच्या एष्टीनं नातेपुत्याला येतीय. स्टँडवर मला न्यायला तू ये, बूट घालून, चालत. दुसरं कुणी गाडी घेऊन आलं तर मी खाली उतरणार न्हाय.

तुजी अक्का