मागावरची अर्धी घोंगडी

अण्णा, तुमच्या मागावरची अर्धी घोंगडी न्यायला आज दुपारी गाडी येणार होती आणि सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तुम्ही गेलात त्याला एक तप होत आलं. तेव्हापासून ती तशीच ताणलेली आहे. पावसाळ्याआधी तिच्यावर कडुनिंबाचा पाला टाकायचा आणि पोत्यानं झाकायचं, एवढंच आम्ही करतो. आईनं ती कापू दिली नाही आणि मी तिला हात लावला नाही. पलीकडे मी माझा उभा माग मांडला आणि त्यावर माझं निराळंच काही विणत बसले. लोकरीत तांब्याची तार, कधी उसाचं वाळलेलं पाचट. तुम्ही असता तर विचारलं असतं, "हे पांघरायचं कसं?" पांघरायचं नाही, अण्णा, भिंतीवर टांगायचं. पुढच्या महिन्यात अंबाजोगाईला नव्या हस्तकलाकारांचं प्रदर्शन आहे. कुणी मातीत काम करतं, कुणी बांबूत, एकजण तर ऊसतोडीचे झिजलेले कोयते ठोकून त्यांचे पक्षी करतो. माझं हे पहिलंच. निवड करणाऱ्या बाई घरी आल्या, माझी कामं बघून "छान" म्हणाल्या, आणि जाता जाता तुमच्या मागापाशी थबकल्या. कितीतरी वेळ तिथंच उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "ही मधोमध लावू या, आहे तशी अर्धी. खाली नाव तुमचंच. इतकी वर्षं अपुरी ठेवायची कल्पना तुमचीच ना?" मी हो म्हणाले. आता विचार करते तर वाटतं, जीभ कशी उचलली माझी.

पण घोंगडी मागावरून उतरवायची तर आधी आईनं हळदकुंकू लावायचं आणि मगच सुरी घ्यायची, हा आपल्या घरचा रिवाज. आज आई ताट घेऊन उठेचना. भिंतीला टेकून बसून राहिली. "अर्ध्याला कुंकू न्हाई लावत मी. कावून लावू? काम त्येंचं हाय आन नाव तुजं?" मी म्हटलं, गाडी निघाली असेल. "निघू दे की." मला इतका संताप आला की मी बाहेर जायच्या ऐवजी तुमच्या मागाच्या खड्ड्यात उतरले आणि तुमच्या जागी विणायला बसले.

या खड्ड्यात मी याआधी एकदाच बसले होते, लहानपणी. तुम्ही पाटोद्याच्या बाजाराला गेला होतात. आपल्यात बायकांनी लोकर पिंजायची, सूत कातायचं. मागावर पुरुषच बसणार. मी चार बोटं विणलं. तुम्ही येता, खाली वाकून बघता, आणि एक एक धागा उसवायला लागता. मी माराची वाट बघत उभी आहे. "कुनावर चिडलीस?" तुम्ही विचारता. आई जत्रेला नेत नाही म्हणून मी धुमसत होते, ते तुम्हाला कुणी सांगितलं मला कळेना. "ठोका सांगतो, लई घट बसलाय. राग आला की मागावरनं उठायचं, बाहीर जाऊन पानी प्यायचं. कापडात गेलेला राग निघत न्हाई." दुसऱ्या दिवशी तुम्ही मला तुमचा जुना कुंचा दिलात, ताण्याला चिंचोक्याची खळ लावायचा. सगळ्या गल्लीला तो मी दाखवला. माग मात्र दिला नाहीत, शेवटपर्यंत नाही. मी विणायला शिकले ते परगावी, परक्या माणसांकडून.

आज पाणी प्यायला उठले नाही. धागे वाळून कडकडीत झाले होते. पाणी शिंपडलं, तुटतील तसे गाठी मारत गेले आणि ठोकत राहिले. हात भरून आले. तुम्ही थांबला होतात तिथून पुढे वीतभर विणून झालं तेव्हा दारात हॉर्न वाजला. आई उठून आली. तिला आता नीट दिसत नाही, म्हणून बोटांनीच चाचपत गेली आणि बरोबर त्या जागी थांबली. "हितवर त्ये हायेत. हितनं तू. लई घट ठोकलंस. कुनावर चिडलीस गं?"

"त्या बाईंवर," मी म्हटलं. ड्रायव्हरला सांगितलं, ही घोंगडी अजून मागावर आहे, अर्धी-बिर्धी काही नाही, पुरी व्हायचीय. माझी दोन कामं न्यायची तर न्या. त्यानं फोन लावला, बराच वेळ हो-नाही चाललं. शेवटी त्यानं ती दोन उचलली. बाई नाराज आहेत म्हणाला. त्या ती लावतील की कोपऱ्यात ठेवतील, देव जाणे. आई मात्र खूश आहे. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बापाचं नाव राखलंस."

हे पत्र मी तिला वाचून दाखवणार नाही. तुमचं नाव राखायला मी खड्ड्यात उतरले नव्हते, अण्णा. बाई तुमच्या मागापाशी जितका वेळ उभ्या राहिल्या, तितका वेळ माझ्या एकाही कामापाशी थांबल्या नाहीत. त्या हॉलमध्ये लोकांनी तसंच केलं असतं, आणि ते मला बघवलं नसतं.