चावीच्या फोनोवर इंग्रजी तबकडी

आंधळगाव,
डिसेंबर १९८३

प्रिय चंद्रकांता,

तुझ्या दिवाळीच्या पत्राला आज उत्तर देतो आहे. उशीर फार झाला, रागावू नको. घरी सगळे बरे आहे हे आधीच लिहितो, नाहीतर तू घाबरून शेवटच्या ओळी शोधशील. धान कापून झाला, चुरणे-मळणी चालू आहे. तुझ्या मायचे गुडघे तसेच. ड्यूटी संपल्यावर दवाखान्यातून खोलीवर एकटीच जातेस का? जावईबापू गेल्यापासून माझ्या डोक्यात हेच असते, की आम्ही दोघे गेल्यावर तुला कोण. तू तो विषय काढू देत नाहीस, म्हणून दुसरेच सांगतो.

तुमसरला खाणीच्या एका साहेबाची बदली झाली आणि त्याने घरातले सामान विकायला काढले. मी खाट बघायला गेलो आणि एक मोठी इंग्रजी तबकडी घेऊन आलो. तुझ्या मायने कपाळावर हात मारला. पण त्या कव्हरवर चार दाढीवाले पोरगे नदीकाठी बसले होते, आणि ती नदी अगदी करडी गावाकडची वाटत होती. घरी येऊन आपल्या चावी भरायच्या जुन्या फोनोवर लावली तर काय, चारही दाढीवाले साळुंकीसारखे किचकिचायला लागले. मला वाटले, त्यांच्याकडे असेच गात असतील. तुझी माय पदर तोंडाला लावून हसत बसली. या घरात असे हसणे किती दिवसांनी झाले, ते तुला माहीत आहे.

तेवढ्यात मागच्या गल्लीतला घनश्याम धावत आला. तोच, लग्नात लाऊडस्पीकर लावतो तो. त्याने आधी सुई उचलली. म्हणाला, "काका, हे हळू फिरणारी तबकडी आहे. लोखंडी सुईनं मारून टाकून राहिले तुम्ही तिले." मग त्याने आपली बिजलीची मशीन आणून ओसरीवर लावली. बेटा, काय सांगू. इंग्रजी गाणे म्हणजे नुसते दणदण, असे मला वाटायचे. हे तर कोणी शेजारी बसून समजूत घालावी तसे. गिटार हळू, आवाज त्याहून हळू. कव्हरवर १९७४ लिहिले आहे, असे घनश्यामने वाचून सांगितले. अर्थ त्यालाही येत नाही, मलाही नाही. तरी आता रोज सांजेला लावतो. शेजारची गोदावरीबाई शेंगा निवडायला आमच्याच ओसरीवर येऊन बसते.

माझ्या सुईने एका जागी चरा पडलाच. तिथे गाणारा एकच शब्द घोकत राहतो. मला लाज वाटते, पण घनश्याम कधी टोमणा मारत नाही. उठतो, बोटाने अलगद पुढे सरकवतो, पुन्हा बसतो. त्याची माय मागच्या वर्षी वारली. घरी एकटाच रांधतो, एकटाच जेवतो. आपल्यातलाच आहे. दारूचा वास मला कधी आला नाही, आणि मी मुद्दाम जवळ बसून पाहिले आहे.

आता खरे लिहितो. परवा तबकडी संपल्यावर तो खाली बघून म्हणाला, "काका, चंद्रकांताबाईले विचारून पाहाल का? नाही म्हणाली तरी मी मशीन आणतच राहीन." मी म्हटले, पोरगी शिकलेली आहे, तिचे तीच सांगेल. मग माझ्या तोंडून निघून गेले, की आपल्याकडे विधवेचा पाट, म्हणजे दुसरे लग्न, अंधारात उरकतात, वाजा नाही, गाजा नाही. माझ्या पोरीचे तसे मला पाहवणार नाही. त्यावर तो पहिल्यांदा मोठ्याने बोलला. "दिवसा लावू, काका. मांडवात. लाऊडस्पीकर आपलाच आहे, पार बसस्टँडपर्यंत आयकू जाईल." तुझी माय आत चुलीपाशी रडत होती, पण ते रडणे चांगले होते. मी त्याला हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. तुझ्यावर जोर नाही. तू 'नाही' असे लिहिलेस तरी तुझी खोली, तुझी नोकरी, सगळे तसेच. फक्त गप्प राहू नको, पोरी. पोस्टमन तुलाराम गल्लीत शिरला की मी आतापासूनच उठून उभा राहतो. दोन ओळींचे का होईना, लवकर कळव.

तुझाच,
बाबा