आरशातली सलामी

१२ जानेवारी, रविवार

उलटं! सगळं उलटं!

सकाळी अकराची गोष्ट. दुकानात गर्दी. आमोद खुर्चीवर, गळ्यापर्यंत कापड, अर्धी दाढी झालेली. हा आमोद आयटीतला, शेजारच्याच सोसायटीत राहतो. गेल्या वर्षी नोकरीतून लांब सुट्टी काढून थायलंडला गेला आणि पाच महिने तिथलं थाई बॉक्सिंग शिकून आला. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. तिथे माझ्या त्याच खेळाच्या क्लासची पूर्णिमा लढतीआधीची सलामी करत होती. त्याला ती समोरच्या आरशात दिसली.

"वा श्रीधरकाका! परफेक्ट! अगदी तिकडच्यासारखं."

सतरा वर्षांत पहिल्यांदाच, तिकडचं खरं पाहून आलेल्या माणसाने शाबासकी दिली. मी वस्तरा थांबवला. म्हटलं, मान वळवून नीट बघ ना. त्याने वळून थेट खोलीत पाहिलं. पुन्हा आरशात. पुन्हा मागे.

"काका, डोन्ट माइंड... पण आरशात बरोबर दिसतंय. प्रत्यक्षात सगळं मिरर झालंय."

मी हसलो. गिऱ्हाइकासमोर हसायची सवय आहे. उरलेली दाढी केली. कुठे कापलं नाही, एवढंच.

हे वाक्य मी दुसऱ्यांदा ऐकतोय. पहिल्यांदा जो म्हणाला, तो आता घरात नाही.

१३ जानेवारी, सोमवार

दुकान बंद. शटर अर्धं ओढून एकटाच बसलो. फोनवर थाई मारामारीचा एक जुना सिनेमा लावला आणि फोन आरशासमोर धरला. आरशातला नायक म्हणजे माझा क्लास — तोच पाय, तीच कोपर. फोनमधला नायक कुणी परकाच माणूस!

कसं झालं ते लिहूनच काढतो. वाशीमहून पुण्यात आलो तेव्हा सोळाचा होतो. चौदा वर्षं दुसऱ्याच्या सलूनमध्ये काढली, मग सदाशिव पेठेत स्वतःच्या दोन खुर्च्या टाकल्या. टीव्ही टांगला तो खुर्च्यांच्या मागच्या भिंतीवर. गिऱ्हाइकाला मान न हलवता आरशात दिसावा म्हणून. कल्पना माझीच! सगळे म्हणाले, काय डोकं आहे! दुपारी हिंदीत डब केलेले थाई सिनेमे लागायचे. माझे डोळे गिऱ्हाइकाच्या मानेवर. सिनेमा मी कानाने बघायचो. कोपर बसली की नारळ फुटल्याचा आवाज, गुडघा बसला की गादी आपटल्याचा. आवाज झाला की मान वर, आरशात एक नजर, पुन्हा मान खाली. दुकान झाडताना तेवढंच करून बघायचं. अशी चार वर्षं. मग मागची खोली घेतली, पाटी लावली, मुलं यायला लागली.

त्यांचा नायक डावा पाय पुढे ठेवतो. माझी मुलं उजवा. तो सलामीला घड्याळाच्या उलट रिंगभर फिरतो. आम्ही घड्याळाप्रमाणे, देवळात प्रदक्षिणा घालावी तसे. म्हणूनच कधी शंका आली नाही! देवाला जे चालतं त्यात चुकायचं काय?

चुकायचं काय ते निकालात दिसलं. सतरा वर्षं, शे-दीडशे मुलं, एक कांस्यपदक. उजव्या हाताच्या पोरांचा जोरकस हात मी पुढे अडकवून ठेवला. मागून फिरवायला उरला कच्चा हात. पदक मिळवणारा बद्रीनाथ मुळात डावखुरा होता. हे आज कळलं.

१४ जानेवारी

संक्रांत. हेमाने तिळगूळ केला. मग दरवर्षीप्रमाणे लेकाचा, पुष्करचा नंबर लावला, स्पीकरवर. 'आपण संपर्क करत असलेली व्यक्ती—' ती बाई वाक्यात श्वास कुठे घेते, तेही मला आता पाठ आहे. सहा वर्षं. हेमा तरी त्या नंबरचं रिचार्ज चुकवत नाही.

१९ जानेवारी, रविवार

लिहायचं टाळत होतो.

पुष्कर एकवीसचा होता. क्लासमध्ये मला मदत करायचा. हात छान, पाय छान, फक्त तालाला कच्चा. आमच्याकडे वाद्यं कुठली? सलामीचा ठेका मी रिकाम्या कात्रीवर धरतो. कच्, कच्, कच्, कच् — चार ठोक्यांना एक पाऊल. पुष्करच्या हातात कात्री दिली की तीनच वाजायचे. चौथा गिळायचा. लहानपणापासून. मी ओरडायचो, "चौथा खाल्लास!" हेमा स्वयंपाकघरातून म्हणायची, "खाऊ दे हो, भूक लागली असेल त्याला."

एका जूनमध्ये तो कॉलेजातून आला, लॅपटॉप उघडला आणि सगळ्या मुलांदेखत म्हणाला, "बाबा, आपण उलटं शिकवतोय. तुम्ही आरशात बघून शिकलात. म्हणून हरतो आपण."

मला ऐकू आलं. कळलंही असावं, कुठेतरी आत. पण समोर बारा पोरं उभी. माझ्या तोंडाला धार आहे, तिने गिऱ्हाईक टिकतं. तीच वापरली. म्हटलं, "हो का? मग उद्यापासून न्हाव्याच्या पोराने प्रोफेसरांना शिकवायचं! इथे सुलटं काही मिळणार नाही. तू वेगळी पाटी लाव." मुलं हसली. मी हसवलंच होतं तसं.

दुसऱ्या दिवशी तो गेला. नेली ती फक्त माझी सहा इंची कात्री. आठवड्याने मेसेज आला — बरा आहे, शोधू नका. पोलीस म्हणाले, सज्ञान आहे, स्वतःहून गेलाय. कुणी सांगितलं नागपूरला दिसला, कुणी हैदराबादला. दोन्हीकडे जाऊन आलो.

आणि पोरगा बरोबर होता!

२२ जानेवारी

आमोद नोकरी सांभाळून जिथे शिकवतो, त्या जिममध्ये पूर्णिमाला पाठवायचं ठरवलं. राज्याची निवड स्पर्धा सोळा फेब्रुवारीला आहे. एवढ्या दिवसांत सुधारलं तेवढं सुधारेल.

ही पूर्णिमा खडकवासल्याकडून दोन बस बदलून येते. पाच वर्षांत एक दिवस चुकली नाही.

"सर, माझं काय चुकलं व्हय?"

"तुझं काही नाही. माझं चुकलं."

"मग मी का जायचं? तुम्ही जा की तिकडं शिकायला!"

हसू आलं. पण ती गंभीर होती.

२६ जानेवारी, रविवार

दुपारी आमोद आला, लॅपटॉप घेऊन. मीच बोलावलं होतं. म्हटलं, एकदा सगळंच ऐकून घेऊ. एक सिनेमा त्याने थांबवत थांबवत दाखवला.

"हे डोक्यावर उडी मारून कोपर घालणं — रिंगमध्ये कुणी करत नाही, काका. कॅमेऱ्यासाठी बसवलंय. जुन्या विद्येतले डाव आहेत, पण शोभेला काढलेले."

खरी लढत कशी? तीही दाखवली. दोघं एकमेकांच्या माना धरून उभे, गुडघे चाललेत, बराच वेळ तेच. मी डोळे मिटले. ओला टॉवेल दगडावर आपटावा तसा आवाज. नारळ कुठेच नाही! म्हणजे नारळही स्टुडिओत फोडलेला. ज्या कानांवर मी आयुष्यभर ऐट केली, ते कान एका साउंडवाल्याने फसवले.

सलामीचं विचारलं. तो म्हणाला, "सिनेमात दहा सेकंद दाखवतात, ते पण स्टाइल म्हणून. ॲक्च्युअली ते गुरूला वंदन आहे. प्रत्येक गुरूची पद्धत वेगळी. म्हणतात की पूर्वी सलामी बघूनच ओळखायचे, कोण कुणाचा शिष्य. गुरू एक निघाला तर लढायचेच नाहीत."

"एका सिनेमात आहे तसं. दोघं थांबतात."

"ते फिल्मी, काका. आज कोण थांबतंय!"

मग त्याने विचारलं, पूर्णिमा मधेच खांद्यावरून काहीतरी झटकते, ते कुठल्या सिनेमातलं? ते त्याने तिकडे कुठेच पाहिलं नव्हतं. कसं पाहील? चॅनेलवर सलामी सुरू झाली की जाहिराती लागायच्या, परत यायचे तोवर लढत जुंपलेली. मधली जागा रिकामी. ती मी भरली. गिऱ्हाइकाच्या अंगावरचं कापड काढून आपण केस झटकतो ना — खांद्यावरून, मग एकदा जोरात हवेत — तेच घातलं. दुसरं काय येत होतं मला?

आमोद हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

आमोदच्या जिममध्ये जाऊन बसलो. पूर्णिमाचे पाय गुंततात. डावा पुढे ठेव म्हटलं की ठेवते, ठोसा आला की झटकन उजवा पुढे येतो. पॅडवर आधी तिची लाथ 'थाड' वाजायची. आता 'थप्'. आमचं उलटं होतं तरी तिचं होतं. आता ना आमचं ना त्यांचं. आमोद दमून म्हणाला, "पाच वर्षांची सवय आहे, काका. तीन आठवड्यांत जात नाही."

माझ्या हातून गेलं ते गेलंच.

९ फेब्रुवारी

पाटी उतरवली. मागे भिंतीचा मूळ हिरवा रंग निघाला. क्लास बंद.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

जेवताना हेमा इतकंच म्हणाली, "अहो, गल्लीत कुणाचं काय शिजतंय ते तुम्हाला खुर्चीमागे उभं राहून ऐकू येतं. तेव्हा त्याचं एक वाक्य ऐकलं असतं तर?"

मी ताट उचलून मोरीत ठेवलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पूर्णिमा दुकानात आली. कानामागचे केस बारीक करून हवे होते, हेल्मेटमध्ये टोचतात म्हणाली. करून दिले. आमोदने तिला सांगितलंय, सलामी करू नकोस, वेळ जातो, लोक हसतात.

"बरोबर सांगतोय तो," मी म्हटलं.

"तुम्ही येणार ना उद्या? कात्री आणा."

"येईन. मागे बसेन. कात्री नाही आणणार."

ती आरशातून माझ्याकडे बघत राहिली. मी कापड झटकलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

वाघोली. कॉलेजच्या हॉलमध्येच बसून स्पर्धेच्या पत्रकामागे लिहितोय.

पूर्णिमाने सलामी केलीच! आमोदने कपाळाला हात लावला. मी मान खाली घातली. लोक हसायला लागले म्हणून वर पाहिलं. समोरची मुलगी, संस्कृती नावाची, चंद्रपूरची — तीही घड्याळाप्रमाणेच फिरत होती. दोघी एकीमागे एक, प्रदक्षिणेला निघाल्यासारख्या. म्हटलं, असेल, योगायोग. मग ती मधोमध थांबली. खांद्यावरून झटकलं, मग एकदा जोरात हवेत.

आणि कात्री. माझी दुकानात आहे. ही तिच्या कोपऱ्याकडून, खांबाआडून वाजत होती.

हेमाला फोन लावला. फोन नुसता तिकडे धरून उभा राहिलो.

तिने ठेका ऐकला. मग म्हणाली, "चौथा अजून खातोय हो."